नरक्याचं लाकूड जातं कुठं? कॅन्सरच्या औषधाचं झाड, आणि गावाच्या वाट्याला नुसता गुन्हा

रात्री घाटात टेम्पो अडवला, ताडपत्रीखाली नरक्याच्या लाकडाचे तुकडे सापडले, दोघा-तिघांवर गुन्हा दाखल. अशी बातमी पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरपट्ट्यात अधूनमधून कानावर येतेच. पलीकडच्या शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगडकडं आणि घाट उतरून सावंतवाडी, दोडामार्गकडंही तीच गत. बातमी दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि विरून जाते. खाली प्रश्नही ठरलेलेच. "एवढं काय आहे त्या झाडात? त्याचा तर घाण वास येतो." मग कुणीतरी हमखास लिहितं, "कॅन्सरवर रामबाण आहे, पाला उकळून प्या."

चोरी आणि अफवा या दोन्हींचं मूळ एकच आहे. ते आहे या झाडाच्या लाकडात तयार होणारं एक रसायन. ते रसायन नीट समजून घेतलं तर तीन गोष्टी कळतात. पाला उकळून पिणं जिवावर का बेतू शकतं, जंगलातलं झाड मुळासकट का जातं, आणि त्यातून आपल्या गावाला काही मिळवायचं असेल तर रस्ता कोणता.

झाड ओळखीचं, नाव घोटाळ्याचं

नरक्या हे सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित रानात वाढणारं लहान झाड. पावसाळ्यात पिवळसर पांढरी फुलं येतात आणि त्यांचा वास असा की माणूस नाकाला रुमाल लावतो. पान चुरगळलं तरी तोच प्रकार. नाव पडलं ते त्यावरूनच. पावसाळा सरल्यावर फळं पिकतात, ती आधी लालसर आणि मग जांभळी-काळपट होतात.

शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना. जुन्या पुस्तकांत ते मॅपिया फीटिडा किंवा नोथापोडायटिस फीटिडा असंही सापडतं. यातल्या 'फीटिडा'चा अर्थ दुर्गंधी असलेली. म्हणजे गावकऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी नाव ठेवलं ते एकाच कारणावरून.

काही भागात याच झाडाला 'अमृता' म्हणतात, आणि घोटाळा इथं होतो. आयुर्वेदात 'अमृता' म्हणजे गुळवेल. गुळवेल हा वेल आहे, नरक्या हे झाड आहे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कुणी "अमृताचा काढा घ्या" असं सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं नरक्याची फांदी आणली, तर काय होईल ते पुढं वाचा.

लाकडात आहे काय?

नरक्याच्या लाकडात, सालीत आणि मुळात कॅम्पटोथेसिन नावाचं रसायन असतं. हे अल्कलॉइड आहे. तंबाखूतलं निकोटिन किंवा सिंकोनाच्या सालीतलं क्विनिन ज्या मोठ्या गटात मोडतं, त्याच गटातलं. त्याच्या जोडीला त्याच घराण्यातली इतरही काही रसायनं झाडात थोड्या प्रमाणात असतात.

प्रमाण किती? वाळलेल्या लाकडात साधारण हजारात एक ते तीन भाग. म्हणजे एक क्विंटल वाळलेल्या लाकडात फार तर शंभर ते तीनशे ग्रॅम. मुळात प्रमाण खोडापेक्षा जास्त आढळतं, पानांत कमी. शिवाय एका झाडाचं दुसऱ्याशी जमत नाही. जागा बदलली, वय बदललं की आकडा बदलतो. एकाच डोंगरावरच्या दोन झाडांतही मोठा फरक निघू शकतो.

हे तीन मुद्दे लक्षात ठेवा: प्रमाण कमी, मुळात जास्त, आणि झाडागणिक वेगळं. पुढचा सगळा हिशेब यावरच आहे.

नंदुरबारचा माणूस आणि गोरेगावची प्रयोगशाळा

कॅम्पटोथेसिन पहिल्यांदा सापडलं ते नरक्यात नव्हे, चीनमधल्या कॅम्पटोथेका नावाच्या झाडात. चिनी भाषेत त्या झाडाच्या नावाचा अर्थ 'आनंदाचं झाड' असा होतो. 1966 साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना इथं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोन शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. यातले मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. 1925 साली तिथं जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले, मग अमेरिकेत गेले. याच जोडीनं 1971 मध्ये टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं आणखी एक मोठं औषध यू नावाच्या झाडाच्या सालीतून शोधलं. वाणी 2020 साली वारले. खानदेशाबाहेर त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.

पुढं 1972 मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवून दिलं की हेच रसायन आपल्या नरक्यात आहे, आणि तेही चिनी झाडापेक्षा जास्त प्रमाणात. त्या दिवसापासून या दुर्लक्षित झाडाला भाव आला. त्याचबरोबर कुऱ्हाडही आली.

औषध काम कसं करतं?

शरीरातली प्रत्येक पेशी वाढताना आपली एक नक्कल काढते. त्यासाठी पेशीतला डीएनएचा दुहेरी धागा उलगडावा लागतो. घरातलं चऱ्हाट डोळ्यांपुढं आणा. दोन पदरी पिळाचं चऱ्हाट एका टोकाकडून उलगडायला घेतलं की पुढं पीळ घट्ट होत जातो आणि शेवटी गाठी पडतात. डीएनएचंही तसंच होतं. म्हणून पेशीत एक विकर असतं, टोपोआयसोमरेज-1. ते एक पदर तात्पुरता कापतं, पीळ सैल होऊ देतं आणि पदर परत जोडून टाकतं.

कॅम्पटोथेसिन नेमकं या कापलेल्या जागी पाचरीसारखं अडकतं. पदर जोडलाच जात नाही. पेशी नक्कल काढायला जाते आणि धागा तुटतो. पेशी मरते. कॅन्सरच्या पेशी सतत वाढत असतात, म्हणून त्या जास्त सापडतात.

पण सतत वाढणाऱ्या पेशी काय फक्त कॅन्सरच्याच असतात? आतड्याचं अस्तर रोज नवं होतं. हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार होत असतात. केसांची मुळं वाढत असतात. पाचर तिथंही बसते. शेवटी हे विषच आहे. डॉक्टर ते मोजून, ठरवून, लक्ष ठेवून वापरतात म्हणून ते औषध ठरतं.

1970 च्या दशकात अमेरिकेत कॅम्पटोथेसिनचं क्षाररूप थेट रुग्णांना देऊन पाहिलं. पांढऱ्या पेशी घसरल्या, उलट्या-जुलाब झाले, मूत्राशयातून रक्त आलं. प्रयोग थांबवावे लागले. हे रसायन नेमकं काम कसं करतं ते 1985 मध्ये उमगलं आणि मग संशोधन पुन्हा सुरू झालं. रेणूत बदल करून तो सुसह्य केला गेला. 1996 मध्ये अमेरिकेत टोपोटेकान आणि इरिनोटेकान या दोन औषधांना मान्यता मिळाली. पहिलं मुख्यतः अंडाशयाच्या कॅन्सरवर, दुसरं मोठ्या आतड्याच्या. आज आपल्याकडच्या मोठ्या दवाखान्यांतही ती दिली जातात. स्तनाच्या कॅन्सरवर गेल्या काही वर्षांत आलेल्या काही नव्या, महागड्या औषधांतही याच रसायनाच्या घराण्यातला रेणू जोडलेला असतो.

म्हणजे 1966 ते 1996 अशी तीस वर्षं लागली. सापडलेल्या रसायनाला दवाखान्यात पोचायला एवढा वेळ लागतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र ते तीस सेकंदांत 'रामबाण' होतं.

पाला उकळून पिऊ नका

"औषध यातूनच बनतं, मग थेट झाड खाल्लं तर काय बिघडलं?" हा प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तर आकड्यांत आहे.

इरिनोटेकानचा एका वेळचा डोस मोठ्या माणसाला ढोबळमानानं 300 मिलिग्रॅमच्या आसपास असतो. टोपोटेकानचा डोस तर एका दिवसाला दोन-अडीच मिलिग्रॅम इतकाच. हा डोस उंची आणि वजन धरून काढतात. त्याआधी रक्त तपासतात, पेशी कमी असतील तर डोस पुढं ढकलतात. एवढी काळजी घेऊनही इरिनोटेकान घेणाऱ्यांना जुलाबाचा त्रास जबर होतो.

आता एक किलो वाळक्या लाकडात एक ते तीन ग्रॅम, म्हणजे एक ते तीन हजार मिलिग्रॅम कॅम्पटोथेसिन असू शकतं. तुमच्या हातातल्या मूठभर सालीत किती आहे, ते कुणीच सांगू शकत नाही. झाडागणिक आकडा वेगळा. त्यात कॅम्पटोथेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. मग काढ्यात ते किती उतरलं आणि गाळात किती राहिलं, याचाही पत्ता नाही. दोन्हीकडून नुकसान. कमी उतरलं तर कॅन्सरवर काही उपयोग नाही. जास्त उतरलं तर आतडी आणि रक्त यांवर घाला.

प्रयोगशाळेतल्या संशोधनाच्या बातम्याही अशाच वाचाव्यात. 'नरक्याच्या अर्कानं पेशी मारल्या' असं येतं तेव्हा त्या पेशी बहुतेक वेळा काचेच्या बशीतल्या असतात. बशीत पेशी मारणं सोपं. माणूस जिवंत ठेवून नेमक्या पेशी मारणं, यालाच तीस वर्षं लागली.

घरात कॅन्सरचा रुग्ण असेल तर काढ्यात महिने घालवू नका. उशीर हाच सगळ्यांत मोठा तोटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरवरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. आधीच कुणी असा काढा घेतला असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. तुम्ही काय घेतलं हे कळलं नाही तर उपचार चुकू शकतो.

झाड मुळासकट का जातं?

आता चोरीचा हिशेब. क्विंटलभर वाळक्या लाकडातून हाती येणार ते फार तर शंभर ते तीनशे ग्रॅम. त्यामुळं घेणाऱ्याला माल टनानं लागतो. मुळात प्रमाण जास्त, म्हणून नुसतं खोड तोडून भागत नाही, खणून मूळही काढलं जातं. तुकडे करून, वाळवून, पोत्यात भरून माल खाली जातो. हे रसायन प्रयोगशाळेत पहिल्यापासून बनवता येतं, पण झाडातून काढणं स्वस्त पडत आलं आहे. म्हणून मागणी संपत नाही.

यात कुणाला काय मिळतं? रानात जाऊन तोडणाऱ्याला मिळते मजुरी. तो बहुतेक आपल्याच वाडीतला पोरगा असतो. पकडला जातो तोही तोच, कारण जंगलात तोच असतो आणि टेम्पोत तोच असतो. राखीव जंगलात विनापरवाना तोड हा भारतीय वन अधिनियम 1927 प्रमाणं गुन्हा आहे. अभयारण्यात केलं तर वन्यजीव कायदा लागतो. वाहन जप्त होतं, ते सरकारजमाही होऊ शकतं. कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या की कमावलेली मजुरी पहिल्याच फेऱ्यात वकिलाकडं जाते. लाकडाची पावडर होते, पावडरीचा अर्क होतो, अर्काचं औषध होतं. प्रत्येक पायरीला किंमत वाढते आणि प्रत्येक पायरी गावापासून लांब जाते.

जंगलाचं नुकसान वेगळंच. बुंधा शाबूत ठेवून तोडलेलं झाड पुन्हा फुटू शकतं. मुळासकट उपटलेलं गेलं ते गेलंच. त्यात नरक्याची काही झाडं नुसत्या नर फुलांची, काही मादी फुलांची असतात. एखाद्या पट्ट्यातली मोठी झाडं नाहीशी झाली की उरलेल्या झाडांना फळ धरायचीही पंचाईत. मग बी नाही आणि रोपही नाही. कोयना आणि राधानगरीच्या जंगलांना 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. पण तेवढ्यानं रात्रीची कुऱ्हाड थांबत नाही.

दुसऱ्या झाडानं दाखवलेला रस्ता

वर टॅक्सॉलचं नाव आलं. त्याची गोष्ट आपल्या कामाची आहे. ते औषध यू झाडाच्या सालीत होतं. साल काढली की झाड मरायचं. अमेरिकेत त्यावरून मोठा वाद झाला. मग शास्त्रज्ञांनी युरोपातल्या यू झाडाच्या पानांतून जवळचं रसायन काढून त्यापासून औषध बनवायची पद्धत बसवली. पानं परत येतात, झाड उभं राहतं. औषधही मिळालं आणि झाडही वाचलं.

नरक्यातही हा विचार नवा नाही. पानांत आणि कोवळ्या फांद्यांत प्रमाण कमी असलं तरी ती दरवर्षी येतात. कॅम्पटोथेसिन जास्त देणारी झाडं हेरून त्यांचीच रोपं करता येतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नरक्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून हे रसायन मिळवण्यावर काम केलं आहे. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीही हे रसायन थोडं तयार करते, असं जम्मूच्या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये मांडलं. म्हणजे तोडीशिवाय रस्ता नाही, असं नाही. पण चोरीचं लाकूड स्वस्तात मिळत राहिलं तर दुसऱ्या रस्त्यावर पैसा कोण घालणार? चोरीमुळं जंगल तर जातंच, पण लागवडीचा भावही पडतो.

गावाच्या हातात काय आहे?

वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. फक्त ते कागदावर आणावं लागेल.

पहिलं, जैवविविधता कायदा 2002. या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायलाच हवी. समितीनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या हद्दीत नरक्या कुठं आहे, साधारण किती आहे, कोण वापरतं, ते त्यात लिहा. व्यापारासाठी कुणी हद्दीतून वनस्पती गोळा करत असेल तर त्याच्याकडून शुल्क घ्यायचा अधिकार कलम 41 प्रमाणं या समितीला आहे. बऱ्याच गावांत समिती आहे, पण फक्त फाईलमध्ये. येत्या ग्रामसभेत विचारा: अध्यक्ष कोण, शेवटची बैठक कधी झाली, नोंदवही कुठं आहे?

2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं दिव्य फार्मसीच्या प्रकरणात सांगितलं की भारतीय कंपन्यांनाही जैविक संपत्तीच्या लाभातला वाटा द्यावा लागेल. 2023 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. लागवडीतल्या औषधी वनस्पतींना आणि आयुषच्या वैद्यांना सूट मिळाली, शिक्षेच्या ठिकाणी दंड आला. कायदा सैल झाला, अशी टीकाही झाली. तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. रानातून उपटलेला नरक्या हा लागवडीचा माल नाही. तो तसा दाखवून सूट घेतली जाऊ नये, यासाठीच गावाची नोंदवही महत्त्वाची.

दुसरं, वनहक्क कायदा 2006. जिथं सामूहिक वनहक्क मंजूर आहे तिथं गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क गावाचा आहे. त्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळं, कंद येतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं याच कायद्याखाली 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती घेतला. मात्र हे नीट समजून घ्या: जंगलातलं उभं झाड तोडून लाकूड विकायची मुभा यातून मिळत नाही. पान, फळ, बी यांचा विचार ग्रामसभा वनखात्याशी बोलून करू शकते.

तिसरं, लागवड. पडीक, बांधाकडेच्या किंवा रानालगतच्या मालकीच्या जमिनीत नरक्या लावता येईल. रोपवाटिका बचत गटाला जमण्यासारखं काम आहे. पण दोन सावधगिरीच्या गोष्टी. हे काही ऊस-सोयाबीन नाही, हातात पैसा यायला वर्षं जातील. आणि "रोप आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलू" असं सांगत कुणी आलं तर लेखी करार, खरेदीदाराचं नाव आणि दर मागा. सफेद मुसळीच्या वेळी काय झालं, ते जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल. लावताना सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. पुढं तोड आणि वाहतुकीच्या परवान्यावेळी ती झाडं तुमची आहेत, हे तीच नोंद सांगेल.

आणि वनखात्याला?

खात्याकडूनही एक अपेक्षा रास्त आहे. टेम्पो पकडला की तपास तोडणाऱ्यापाशी संपू नये. माल कुठल्या गोदामात चालला होता, पैसे कुणी दिले, अर्क कुठं निघणार होता, इथंपर्यंत तो गेला पाहिजे. मजूर दर वेळी नवा मिळतो, घेणारा मात्र तोच राहतो. जप्त केलेल्या मालाचं पुढं काय होतं, तेही गावाला कळायला हवं. गावालाच राखणदार केलं, रोपवाटिकेचं काम गावाला दिलं, तर रात्रीच्या गस्तीत चार हात वाढतील.

नरक्याला वास आहे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्याला कुणी हात लावला नाही आणि तो टिकला. आता त्याच्या पोटातलं रसायन जगाला कळलं आहे, त्यामुळं तसा तो टिकणार नाही. मजुरीसाठी रात्री बोलावणारा आला तर पोरांना एवढंच सांगा: त्या लाकडातून ज्याला खरा पैसा मिळतो तो कधी जंगलात येत नाही, आणि जो जंगलात जातो त्याच्याच नावावर गुन्हा लागतो.